पाच म्युझियमची यादी बाजूला ठेवा, आधी सासऱ्यांना विचारा

या वेळचं पत्र असं आहे:

"ताई, माझे सासरे पुढच्या महिन्यात पंचाहत्तर पूर्ण करतायत. आयुष्यभर हायस्कूलमध्ये ड्रॉइंग शिकवलं. एटीडी (ड्रॉइंग शिक्षकाचा डिप्लोमा) करताना मुंबईला होते, तेव्हा रविवारी म्युझियममध्ये जाऊन स्केचिंग करत बसायचे असं सांगतात, पण नंतर संसार, शाळा, परीक्षा यात परत कधी गेलेच नाहीत. म्हणून पार्टी वगैरे न करता त्यांना एक दिवस मुंबईची म्युझियम्स दाखवून आणायची असं ठरलंय. आम्ही पुण्याचे, त्यामुळे सकाळची डेक्कन क्वीन आणि संध्याकाळी तीच परत. नवऱ्याने एक्सेल शीट केलीय, त्यात भाऊ दाजी लाड, राणीबाग, प्रिन्स ऑफ वेल्स, एनजीएमए (आधुनिक कलेची सरकारी गॅलरी) आणि जहांगीर आर्ट गॅलरी, प्रत्येकाला पन्नास मिनिटं. मुलगी नववीत आहे, तिला कशातच रस नाही. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला फक्त पेंग्विन बघायचेत. सासऱ्यांचे गुडघे दुखतात पण ते सांगणार नाहीत. मला आत्तापासूनच परतीच्या गाडीतली भांडणं ऐकू येतायत. काय करू? – एक्सेलच्या चौकटीत अडकलेली सून"

अहो, पत्र वाचून मी आधी हसले आणि मग माझ्या पोटात गोळाच आला, कारण ही शीट मी स्वतः केलेली आहे. एक्सेलमध्ये नाही, वहीच्या मागच्या पानावर, पण तीच. बऱ्याच वर्षांपूर्वी माहेरची सात माणसं घेऊन मी एका दिवसात चार म्युझियम केली होती, आणि "केली" हाच शब्द बरोबर आहे, बघितलं काहीच नाही. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत मामा एका बाकावर बसले ते उठायलाच तयार नाहीत, वहिनी कुणाशी बोलेनाशी झाली आणि भाच्याला नंतर विचारलं काय आवडलं तर म्हणाला, सरकत्या दाराचा गारवा. मी त्या दिवशी काय बघितलं ते आज मला सुद्धा आठवत नाही, मामांचे सुजलेले पाय तेवढे आठवतात.

आणि यात तुमच्या सासऱ्यांच्या वयाचा किंवा मुलांच्या नखऱ्यांचा दोष नाही बरं का. म्युझियममध्ये माणूस दमतो ते वेगळंच दमणं असतं. बोस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन आयव्हस गिलमन नावाच्या गृहस्थांनी १९१६ साली यावर लेखच लिहिला होता, सोबत फोटो काढून, की एक धडधाकट माणूस कपाटातल्या वस्तू नीट बघायला गेला तर त्याला किती वाकावं लागतं, किती मान वर करावी लागते, कुठे जवळजवळ उकिडवं बसावं लागतं. शंभर वर्षं झाली, कपाटं बदलली पण कंबर तीच आहे. दहा पावलं चालायचं, थांबायचं, वाकायचं, वाचायचं, परत दहा पावलं. सलग दोन किलोमीटर चालणं परवडलं त्यापेक्षा. त्यात प्रत्येक वस्तूपाशी डोक्याला नवीन काळ, नवीन देव, नवीन राजा. पाच ठिकाणी हे करायला गेलात तर पाचव्या ठिकाणी सासरे फक्त खुर्ची शोधतील.

आता हिशोब करू. डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला सुटते, दादरला दहाच्या आसपास पोचवते, आणि परतीची सीएसएमटीहून पाच दहाला (वेळा तेवढ्या बुकिंग करताना एकदा बघून घ्या). म्हणजे हातात सात तास. त्यातून जाण्यायेण्याचा दीड तास, जेवणाचा एक तास, बाथरूम-पाणी-तिकिटाची रांग-"माझा रुमाल कुठाय" यांचा मिळून अर्धा-पाऊण तास, आणि गाडी चुकू नये म्हणून शेवटचा अर्धा तास. उरले साडेतीन तास. साडेतीन तासात पाच ठिकाणं म्हणजे बस टूरवाल्यांना सुद्धा लाज वाटेल. दोन ठिकाणं होतात, आणि मस्त होतात. सकाळी भायखळ्याचं भाऊ दाजी लाड, दुपारी फोर्टमधलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे सासऱ्यांच्या तोंडातलं प्रिन्स ऑफ वेल्स.

एनजीएमए सुंदर आहे, मला स्वतःला आवडतं, १९११ सालच्या कावसजी जहांगीर हॉलला आतून बदलून १९९६ मध्ये केलेली गॅलरी आहे, पण ती आधुनिक कलेची, तिथे प्रदर्शनं बदलत राहतात आणि आत जिने चढत वर जायचं असतं. गुडघ्यांसाठी नको. जहांगीर आर्ट गॅलरी फोर्टमधल्या म्युझियमला अगदी चिकटून आहे, तिकीट नाही, त्यामुळे शेवटी पंधरा मिनिटं उरली आणि सासरे म्हणाले तर शिरा, नाही तर सोडा. ती यादीत कशाला लिहायची? यादीत लिहिलं की ते राहिलं म्हणून हळहळ सुरू.

पण हे सगळं नंतर. आधी एक काम करा, आज संध्याकाळीच. सासऱ्यांना विचारा, "बाबा, तुम्ही नेमके कशासमोर बसून स्केच करायचात?" तुमच्या पत्रात सगळ्यांना काय हवंय ते आलंय, नवऱ्याला पाच ठिकाणं, मुलाला पेंग्विन, मुलीला घरी राहणं, तुम्हाला शांतता. सासऱ्यांना काय हवंय ते मात्र कुठेच नाही! सरप्राइज वगैरे ठेवलं असेल तर सोडून द्या, पंचाहत्तरीच्या माणसाला सरप्राइजपेक्षा आठ दिवस आधीपासून वाट बघण्यात जास्त मजा येते. ते कदाचित एखाद्या मूर्तीचं नाव सांगतील, कदाचित नुसतं "तो मधला घुमट" म्हणतील, कदाचित माळ्यावरून जुनी स्केचबुकं काढतील. जे सांगतील ते त्या दिवसाचं मुक्कामाचं ठिकाण, बाकी सगळं वाटेतलं.

वार आधी ठरवा. बुधवारी भाऊ दाजी लाड बंद असतं, राणीबाग पण. सोमवारी बरीच म्युझियम्स बंद असतात, एनजीएमए सुद्धा, फोर्टमधलं मोठं म्युझियम मात्र उघडं असतं. रविवारी राणीबागेत जत्रा असते हो, अख्खी मुंबई पोरं घेऊन तिथे. मुलांची शाळा बघता शनिवार बरा. आणि जायच्या दोन दिवस आधी दोन्हीकडे फोन करा, जुन्या इमारती आहेत, कधी एखादा मजला दुरुस्तीला काढलेला असतो. त्याच फोनवर लिफ्ट आणि व्हीलचेअरचं विचारून ठेवा, सासऱ्यांसमोर नका विचारू एवढंच.

दादरला उतरलात की भायखळा जवळच. सीएसएमटीकडे जाणारी सेंट्रलची फास्ट लोकल सुद्धा भायखळ्याला थांबते, पण दहाच्या गर्दीत पंचाहत्तरीचे गुडघे आणि नऊ वर्षांचं पोर घेऊन दादरला लोकलमध्ये चढायचं हे मी तरी सुचवणार नाही. तुम्ही पाच जण, काळी-पिवळीत चारच बसतात, म्हणून ॲपवरून मोठी गाडी मागवा.

भाऊ दाजी लाड राणीबागेच्या दारातच आहे. १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं, १९७५ मध्ये भाऊ दाजींचं नाव दिलं. डॉक्टर होते ते, संस्कृतचे पंडित, आणि हे म्युझियम उभं राहावं म्हणून नाना शंकरशेटांबरोबर धडपडणारे. मुंबईतलं हे सगळ्यात जुनं म्युझियम, मध्ये पार कळकट झालं होतं, महापालिका, इन्टॅक (जुन्या वास्तू जपणारी संस्था) आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून ते नीट केलं आणि २००८ मध्ये परत उघडलं, त्या कामाला त्याआधीच २००५ मध्ये युनेस्कोचं पारितोषिक पण मिळालं. आत पाऊल टाकलंत की लगेच कपाटांकडे धावू नका. दारातून चार पावलं आत जाऊन सगळ्यांनी नुसती मान वर करा. ओतीव लोखंडाचे खांब, हिरवा आणि सोनेरी रंग, वरच्या गॅलरीचे कठडे, छताची नक्षी, खाली फरशी. मुलीला सांगा, या हॉलमध्ये एकही कोरी भिंत शोधून दाखव. शोधतेच ती, मला अनुभव आहे, कशातच रस नसलेल्या मुलींना कुणाला तरी चुकीचं ठरवण्यात फार रस असतो.

इथे सासऱ्यांचा पहिला थांबा म्हणजे जेजेची मातीची भांडी. जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये एकोणिसाव्या शतकात जॉर्ज टेरी यांच्या हाताखाली भांड्यांचा कारखानाच चालायचा, आणि विद्यार्थी त्या भांड्यांवर अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी काढायचे. तेव्हा जेजेचीच मुलं अजिंठ्याला जाऊन गुहेतल्या चित्रांच्या नकला करत होती ना, त्याच काळातलं हे. एक फुलदाणी निवडा आणि सासऱ्यांना म्हणा, बाबा, ही नक्षी कुठे सुरू होते आणि कुठे परत येते ते दाखवा. ड्रॉइंगच्या सरांना हा प्रश्न विचारणं म्हणजे गवयाला तंबोरा देणं. बोट काचेपासून चार इंच लांब धरून ते हवेत वेल काढायला लागतील, मानेपाशी पाकळ्या आखूड का झाल्या, पोटापाशी रुंद का झाल्या, गोल अंगावर सपाट नक्षी बसवताना कुठे चलाखी केलीय. तुमची मुलगी ड्रॉइंगच्या इंटरमीजिएटला बसणार असेल तर (नववीत आहे म्हणजे बसणार असेलच) तिला संकल्पचित्रात जे डोक्यावरून जातं ते इथे पाच मिनिटात कळेल, पण तसं तिला सांगू नका, सांगितलं की संपलं.

मग वरचा मजला, गुडघ्यांनी परवानगी दिली तर. तिथे मातीच्या छोट्या बाहुल्यांसारखी मॉडेल्स आहेत, तेव्हाच्या मुंबईतल्या वेगवेगळ्या जातीजमातीचे, धंद्यांचे लोक, त्यांचे फेटे, पागोटी, साड्या, हातातली अवजारं, शिवाय मुंबईचे जुने नकाशे. धाकट्याला इथे सोडा. त्याला एकच काम, सगळ्यात विचित्र पगडी कुणाची ते शोध आणि आम्हाला येऊन दाखव. मीही तिथे एकदा अर्धा तास फक्त पागोटी बघितली होती, करंगळीएवढ्या डोक्यावर घड्या किती नीट बसवल्यात ते बघत, आणि बाकीचं कपाट बघायचं राहिलंच, त्याचं मला अजिबात दुःख नाही.

सव्वा तास झाला की बाहेर. बाहेर म्हणजे फाटकाकडे नाही, आधी बागेकडच्या बाजूला, कारण माझ्या मते तुमच्या पोरासाठी या ट्रिपमधली सगळ्यात भारी गोष्ट बाहेरच उभी आहे. दगडी हत्ती. घारापुरीला पोर्तुगीज आले तेव्हा त्यांना बेटावर हा हत्ती दिसला आणि त्यांनी बेटाचं नाव एलिफंटा ठेवलं, तोच हा. १८६४ च्या सुमारास तो उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना तो पडला आणि तुकडे झाले, मग ते तुकडे इथे आले आणि पुढे जोडून हत्ती परत उभा केला. मुलाला सांगा, हत्ती कुठे कुठे तुटला होता ते शोध, सांधे मोज. पेंग्विनला ही गोष्ट आहे का सांगा मला!

आणि जवळच एक काळाभोर घोडा आहे, त्यावर सातवा एडवर्ड बसलेला, प्रिन्स ऑफ वेल्स असतानाचा. हाच तो काळा घोडा. फोर्टमधल्या ज्या चौकाला आपण काळा घोडा म्हणतो तिथे तो पूर्वी होता, १९६५ मध्ये उचलून भायखळ्याला आणला, घोडा गेला तरी चौकाचं नाव तेच राहिलं. मग २०१७ मध्ये चौकात नवीन घोडा बसवला, त्यावर स्वारच नाही. म्हणजे सकाळी भायखळ्यात स्वार असलेला खरा घोडा बघायचा, आणि दुपारी फोर्टमध्ये बिनस्वाराचा नवा. दोन्हींचे फोटो मुलीला काढू दे, तिच्या मोबाईलचं काय करायचं या प्रश्नाचं उत्तर पण झालं. सासरे मुंबईत शिकायला आले तोवर जुना घोडा बहुतेक चौकातून हललेला असणार, तरी विचारा त्यांना, कोणत्या साली होते मुंबईत ते.

पेंग्विन. हं. पेंग्विनची रांग तुमच्या हातात नाही, शनिवारी ती किती असेल हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही, आणि एकदा उभं राहिलं की सोडवत नाही. म्हणून माझं मत नाही असं आहे, आणि ते नाही पुण्यातच सांगा, राणीबागेच्या दारात नको. "आजोबांचा दिवस आहे, पेंग्विनचा दिवस मे महिन्याच्या सुट्टीत" असं स्पष्ट सांगितलं तर नऊ वर्षांचं पोर दोन दिवस रुसतं आणि तिसऱ्या दिवशी विसरतं. दारात सांगितलं तर दिवसभर रुसतं. तरीही तुमच्या घरात हे जमणारच नसेल तर तुमचे मिस्टर मुलाला घेऊन पेंग्विनला जाऊ देत आणि तुम्ही तिघं आत आरामात राहा, एकत्र गेलो म्हणून प्रत्येक मिनिट एकत्र काढलं पाहिजे असं कुणी सांगितलंय?

साडेबाराला तिथून निघा, ट्रॅफिक असला तरी एकपर्यंत फोर्टात. जेवण आधी, म्युझियम नंतर. म्युझियमच्या आवारात कॅफे आहे, नाहीतर आसपास खायला भरपूर आहे, पण चवीच्या शोधात अर्धा तास भटकू नका, जिथे लगेच बसायला मिळेल तिथे बसा. सासऱ्यांच्या गुडघ्याला या वेळी पदार्थापेक्षा खुर्ची महत्त्वाची.

आता मोठं म्युझियम. पायाचा दगड ११ नोव्हेंबर १९०५ ला तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सने बसवला, म्हणून ते नाव, इमारत १९१४ ला झाली, पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी हॉस्पिटल चालवलं, आणि म्युझियम म्हणून ते १० जानेवारी १९२२ ला उघडलं. आर्किटेक्ट जॉर्ज विटेट, तेच ज्यांनी गेटवे ऑफ इंडिया केला. घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलाय. हे सगळं मुलांना फाटकात उभं करून सांगू नका हां, उन्हात कुणी ऐकत नाही. आत घुमटाखाली जा, बसायची जागा मिळाली तर बसा आणि मग वर बघा. पहिल्या मजल्याच्या कठड्याकडे कोरीव लाकडाच्या कमानी दिसतील. विटेटने ते लाकूडकाम नाशिकच्या एका वाड्यातून विकत आणलं आणि या दगडी इमारतीच्या पोटात बसवलं. दगडाची इमारत, विजापुरी घुमट, साहेबाचा नकाशा आणि मधे नाशिकच्या सुताराच्या हातचं लाकूड! बहुतेक लोक त्याच्याखालून चालत जातात आणि मूर्तींच्या दालनात शिरतात, वर बघतच नाहीत. तुम्ही बघा. सासरे इथेच बसून स्केच करायचे असं निघालं तर मला मुळीच आश्चर्य वाटणार नाही.

इथे कसं बघायचं, तर नकाशा घेऊन एक नंबरच्या दालनापासून सुरुवात करायची नाही. तीन ठिकाणं. एक शिल्पं. त्यात ऐहोळेच्या देवळाच्या छतावरचे ब्रह्मा, विष्णू आणि शिव यांचे मोठे दगडी पाट आहेत, सातव्या शतकाच्या आसपासचे. ते मुळात छताला होते, म्हणजे देवळात माणूस मान मागे टाकून बघायचा, आणि आपण आता ते सरळ समोर बघतो. मुलांना सांगा, हे डोक्यावर असताना कसे दिसत असतील ते बघायचं असेल तर काय करावं लागेल? धाकटा जमिनीवर आडवा पडायला निघेल, पडू देऊ नका.

तिथेच आसपास मीरपूरखासची भाजलेल्या मातीची शिल्पं आहेत, सिंधमधल्या एका स्तूपाची. त्यात हातात कमळ घेतलेला एक उपासक आहे. त्याच्यासमोर मात्र सगळ्यांना थांबवा आणि पाच मिनिटं कुणी काही बोलायचं नाही असा नियम करा. पाच मिनिटं फार वाटतात, दीड मिनिटाने मुलगी मोबाईल काढेल, दोन मिनिटाने मुलगा एका पायावर उभा राहील, पण तिसऱ्या मिनिटाला डोळ्यांना दिसायला लागतं. केस कसे रचलेत, कमळाचा देठ बोटांनी घट्ट पकडलेला नाही तर अलगद धरलाय, वस्त्राच्या चुण्या एका अंगाला कशा उतरल्यात. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ओल्या मातीत बोटं घालून केलेलं काम आहे. पाच मिनिटांनी प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची जी दुसऱ्या कुणाला दिसली नसेल, आणि सासऱ्यांचा नंबर शेवटी, नाहीतर बाकीच्यांना सांगायला काही उरणार नाही.

दुसरं ठिकाण लघुचित्रं. इथे शिरलात की मुलं म्हणतील किती अंधार आहे, लाइट गेलेत का. लाइट गेलेले नसतात, मुद्दाम कमी ठेवतात. कागदावरचे रंग उजेडाने उडतात आणि एकदा उडाले की परत येत नाहीत, म्हणून जगभरच्या म्युझियममध्ये कागदावरच्या चित्रांना साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास उजेड देतात, तैलचित्रांना २०० पर्यंत चालतो. फ्लॅश का मारायचा नाही ते पण यातच आलं. दारातून आत गेल्यावर दोन मिनिटं नुसते उभे राहा, डोळे सरावले की रंग बाहेर येतात. आणि तिथे जे लागलेलं असेल त्यातलं एकच चित्र निवडा, प्रत्येकाने आपापलं, "चोरून घरी न्यायचं झालं तर कुठलं?" हा खेळ लहानांपेक्षा मोठेच जास्त मन लावून खेळतात. सासऱ्यांचा चष्मा जवळचा आहे ना, तो आणि एक भिंग पिशवीत टाका. लघुचित्रातल्या माणसाची पापणी भिंगातून बघितली की पंचाहत्तरीचा माणूस आठ वर्षांचा होतो.

तिसरं शस्त्रास्त्रं, हे मुलासाठी, दहा मिनिटं बस्स. अकबराची पोलादी ढाल आहे, १५९३ ची, तिच्यावर बारा राशींची चिन्हं आहेत. त्याला म्हणा आपल्या घरातल्या पाच जणांच्या राशी शोध.

टाटांनी दिलेली युरोपियन चित्रं, चिनी-जपानी भांडी, पक्षी-प्राणी, सगळं तिथे आहे आणि छान आहे, आणि तुम्ही ते बघणार नाही आहात. नवऱ्याला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर "तिकीट काढलंय तर बघून घेऊ" सुरू होईल. आपल्याकडे म्युझियमचं तिकीट म्हणजे अमर्यादित थाळी असल्यासारखं वागतात लोक, पोट फुटेस्तोवर वाढून घ्यायचं. मुलं अगदीच वैतागली तर त्याच आवारात मुलांचं वेगळं म्युझियम आहे, २०१९ मध्ये सुरू झालेलं, दोघांपैकी एका मोठ्याने त्यांना घेऊन तिकडे जावं.

आणि सासऱ्यांना निदान पाऊण तास एकटं सोडा. खरंच एकटं, "बाबा पाणी हवंय का" असं दर सात मिनिटांनी नाही. त्यांनी सांगितलेल्या त्या मूर्तीपाशी किंवा घुमटाखाली त्यांना बसवा आणि स्केचबुक द्या. पेन्सिलने काढायला चालेल ना हे काउंटरवर विचारून घ्या, शाई-रंग नकोतच. हात कापत असेल, रेघ पूर्वीसारखी येणार नाही, कदाचित चिडतील, वही मिटून ठेवतील. ठेवू देत. मिटलेली वही मांडीवर घेऊन त्या मूर्तीकडे बघत बसणं पण चालतं, तुम्ही लगेच जाऊन "छान आलंय की" म्हणू नका, ड्रॉइंगच्या सरांना खोटं कौतुक लगेच कळतं, जन्मभर त्यांनीच ते पोरांना दिलेलं असतं. हां, मुलीला मात्र त्यांच्या शेजारी बसवा. तिलाही वही द्या, काढ म्हणू नका. शेजारी कुणी काढत असलं की हात आपोआप चालायला लागतात, आणि नाही चालले तर बसेल मोबाईल बघत, आजोबांच्या खांद्याला खांदा लावून बसली हेही काय कमी आहे.

नवऱ्याचं काय? माझा एक्सेलवर राग नाही हो, उलट अशा माणसाशिवाय गाडी चुकते. त्याला शीट फाडायला सांगू नका, शीटचा विषय बदला. रिझर्वेशन, दोन्हीकडचे फोन, मोठी गाडी, जेवायची जागा, कुठे बाथरूम आणि कुठे बाक आहेत, आणि चार वाजून वीस मिनिटांनी "चला" म्हणणं. ते "चला" त्यानेच म्हणायचं, तुम्ही नाही, म्हणजे वाईटपणा सारखा तुमच्याकडे येणार नाही. म्युझियमपासून सीएसएमटी लांब नाही, पण शनिवारी संध्याकाळी टॅक्सी मिळेपर्यंतच जीव वरखाली होतो, म्हणून वीस मिनिटं हातात ठेवा, आणि वाटेत चौकातला बिनस्वाराचा घोडा मुलीला टिपायचाय ते विसरू नका.

सामान कमीत कमी न्या, मोठ्या बॅगा बऱ्याच ठिकाणी दारातच ठेवून घेतात. पाण्याच्या बाटल्या, सासऱ्यांच्या गोळ्या, भिंग, दोन वह्या. पेन्सिली मात्र चार घ्या, टू बी आणि फोर बी, टोक करून. दोन आजोबांच्या, एक मुलीची, आणि एक जास्तीची, कारण परतीच्या गाडीत धाकटा तो हत्ती काढायला मागणारच.